तिसऱ्या वर्षानंतरची सुट्टी

माल्टाचं पाणी खारट असतं, हे मला जाण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. बेट लहान, नदी एकही नाही, समुद्राचंच पाणी गोडं करून नळाला सोडलेलं. आणि ते काही पुरतं गोडं होत नाही. पहिल्या सकाळी मी आईने बांधून दिलेल्या पत्तीचा चहा केला आणि पहिल्याच घोटाला वाटलं, साखरेच्या जागी मीठ पडलं. दुसरा कप केला. तोही तसाच. मग त्या परक्या स्वयंपाकघरात, दगडी फरशीवर उभी राहून मी रडले. घरमालकीण दारात आली, तिने माझ्या हातातला कप घेतला, एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं, बहुधा त्यातल्या आल्यामुळे, आणि कपाटातून विकतच्या पाण्याची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. तिला माझं इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं आणि मला तिची माल्टीज अजिबात नाही. आमची ओळख झाली ती अशी.

मी वाढले टेक्सासात, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये. बाबा मूळचे सांगलीचे, तेलकंपनीत पाइपलाइनचे इंजिनिअर. आई नागपूरची, आमच्या भागातल्या एका प्राथमिक शाळेच्या ऑफिसात काम करायची. मी एकुलती एक. मला डॉक्टर व्हायचं होतं, आणि अमेरिकेत त्यासाठी आधी चार वर्षं दुसरं काहीतरी शिकावं लागतं. त्या दुसऱ्या काहीतरीच्या पहिल्याच वर्षी मी रसायनशास्त्रात अशी आपटले, की पुढे कुठलंही मेडिकल कॉलेज मला दारात उभं करील असं वाटेना. बाबांच्या ऑफिसात एक माल्टीज गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, आमच्या बेटावर शाळा संपली की थेट मेडिकलला जाता येतं, पाच वर्षांचं शिक्षण, तेही इंग्रजीत. मुलीला राहायला माझी मावशी आहे. बाबांनी त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर अ‍ॅटलास उघडला. आईने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "हे बेट आहे की माशी बसून गेली?"  बऱ्याच दिवसांनी ती एवढंच म्हणाली, "आपण घरदार सोडून इतक्या दूर आलो, ते पोरीला आणखी दूर पाठवायला का?"

तरी मी गेले. त्या मावशीचं नाव चेन्सा. साठी उलटलेली, ठेंगणी, नवरा गेल्यापासून काळ्या कपड्यांत. गल्लीतली सगळी पोरं तिला नन्ना म्हणायची, म्हणजे आजी, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. फोनवर 'नन्ना म्हणाली', 'नन्नाने दिलं' असं सांगितलं की आईला हसू यायचं. "आमच्या नागपुरात नाना म्हणजे आरामखुर्चीत पेपर वाचणारा बाप्या," ती म्हणायची. "तुझ्या नन्नाला मिशा आहेत का गं?" मी हळूच सांगायचे, "थोड्या आहेत."

घर पिवळट दगडाचं, रस्त्यावर झुकलेली हिरवी लाकडी बाल्कनी, आणि आतला जिना इतका अरुंद की माझी बॅग वर नेताना नन्नाच्या पुतण्याला ती डोक्यावर घ्यावी लागली. उन्हाळ्यात ते घर गार असायचं. हिवाळ्यात त्याहून गार. भिंती ओल धरायच्या, चादरी दमट राहायच्या, आणि उबेला म्हणून चाकांवरची एकच गॅसची शेगडी. ती मी आणि नन्ना आळीपाळीने आपापल्या पायांकडे ओढायचो. त्या शेगडीपाशी मी हाडांची नावं पाठ केली. नन्ना समोर बसून लेस विणायची आणि माझ्यामागून ती नावं पुटपुटायची. चर्चमधली लॅटिन लहानपणापासून तिच्या कानांत होती, त्यामुळे मी स्कॅप्युला, क्लॅव्हिक्युला घोकायला लागले की तिला वाटायचं, पोरगी देवाचं म्हणतेय. तिचा तो समज मी कधी मोडला नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पाठांतर थांबवून नुसती बसले, तर ती काळजीने म्हणायची, "आज काही म्हणत नाहीस?"

आवाजांचं गाव होतं ते. पहाटेपासून घंटा, आमच्या चर्चच्या, पलीकडच्या गावाच्या, आणि वारा तिकडून असला तर तिसऱ्याही. गॅसचा ट्रक यायचा तो हॉर्न वाजवत, की बायका बाल्कनीतून ओरडून त्याला थांबवणार. जून उजाडला की गावोगावच्या संतांचे उत्सव सुरू व्हायचे आणि भल्या सकाळी बार उडायचे. पहिल्या वर्षी मी त्या धडाक्याने पलंगाखाली शिरले होते. नन्नाने मला तिथून बाहेर काढलं आणि नंतर गल्लीभर ती गोष्ट सांगितली. माझ्या बाजूने त्या घरात एकाच आवाजाची भर पडली, प्रेशर कुकरच्या शिट्टीची. पहिली शिट्टी झाली तेव्हा नन्नाने छातीवर क्रूस काढला. वर्षभराने मात्र ती बाल्कनीतून शेजारणीशी बोलता बोलता मध्येच थांबून मला ओरडून सांगायची, "तीन झाल्या!"

मी मांस खात नाही हे तिला कळलं तेव्हा तिने माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं. रविवारी तिच्याकडे वाइनमध्ये शिजवलेला ससा असायचा आणि घर त्या वासाने भरून जायचं. माझ्यासाठी तिने वेगळं पातेलं काढलं. त्यात ती एक सूप करायची. फ्लॉवर, बटाटे, मटार, वर मेंढीच्या दुधाच्या चीजचा एक गोल गड्डा. त्याला तिकडे विधवेचं सूप म्हणतात, कारण गरीब बाईच्या परसात जे मिळेल ते त्यात पडतं. बाकला म्हणजे वालासारखे मोठे दाणे, ते वाळवून, शिजवून, लसूण घालून घोटायची. त्याला ती बिगिल्ला म्हणे. मला त्यात घरच्या डाळिंब्या दिसायच्या. एकदा मी त्यावर मोहरी-हिंगाची फोडणी ओतली. हिंगाच्या वासाने नन्ना आधी खिडक्या उघडायला धावली, मग चमच्याच्या टोकाने चाखलं, मग ताट पुढे केलं. तेव्हापासून हिंगाची डबी तिच्या कपाटात, संत अँथनीच्या तसबिरीच्या बाजूला राहिली.

तिच्या भाषेत मला मध्येच घरचे शब्द सापडायचे. अरबीतून तिच्याकडे गेलेले आणि अरबीतूनच फिरत फिरत आपल्याकडे आलेले. पुस्तकाला ती क्तीब म्हणायची, साबणाला सापूना, जगाला दिन्या. औषधाला दुवा. मला ते फार आवडायचं. निरोप घेताना म्हणायची सह्हा, म्हणजे आरोग्य. आजही मी पेशंटला डिस्चार्ज देते तेव्हा तो शब्द ओठांवर येतो. इथे न्यू जर्सीत तो कुणाला कळणार नाही म्हणून गिळते.

तिसऱ्या वर्षी वॉर्ड सुरू झाले आणि तिथे ही सगळी गोडी संपली. वर्गात इंग्रजी होतं. खाटेवरची म्हातारी माणसं माल्टीजच बोलायची. "फेन युजेक?" म्हणजे कुठे दुखतंय, एवढं मी नन्नाकडून घोटून घेतलं होतं. प्रश्न मी इतका सफाईने विचारायचे की समोरच्या आजीबाईंना वाटे, हिला सगळं येतं. आणि त्या पोटापासून सुनेपर्यंत सगळी दुखणी भरभरून सांगायला लागायच्या. मी मान डोलवत उभी. बरोबरच्या मुली नंतर मला अर्थ सांगायच्या, कधी सांगायला विसरायच्या. हॉस्पिटलातून पिवळ्या बसने घरी येताना मी खिडकीला डोकं टेकून समुद्राकडे बघत बसायचे आणि विचार करायचे, माझ्या शाळेतल्या मैत्रिणी आता कॉलेज संपवून नोकऱ्या शोधताहेत, आणि मी अशा भाषेत माणसांना 'कुठे दुखतंय' विचारतेय जिच्यातलं उत्तर मला कळत नाही.

तशा मनाने मी त्या उन्हाळ्यात घरी आले. शुगर लँडचा उन्हाळा म्हणजे दार उघडलं की तोंडावर ओला गरम टॉवेल. आईने रोज काहीतरी केलं. भरली वांगी, पाटवडी, नागपूरची वडा-भाताची पंगत, सगळं. मी खाऊन झोपायचे. सप्टेंबरात करंदीकरकाकांकडे गणपती बसला. काका म्हणजे आमच्या भागातले सगळ्यांत जुने मराठी डॉक्टर, निवृत्त सर्जन, सत्तरी ओलांडलेले. आम्ही शुगर लँडला आलो तेव्हा आमचं पहिलं जेवण सुमनकाकूंच्या हातचं. त्यांचा मुलगा सांता क्लाराला, त्यामुळे अर्ध्या कामांना त्यांना बाबा लागायचे. आरती झाल्यावर काकांनी मला बाजूला बोलावलं, हातावर उकडीचा मोदक ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "बेटा, तुला कुणी स्पष्ट सांगणार नाही म्हणून मी सांगतो. इथे परत येऊन पुढच्या ट्रेनिंगसाठी रेसिडेन्सी मिळणं फार कठीण आहे. बेटावरचं कॉलेज म्हटलं की आमचे लोक अ‍ॅप्लिकेशन बाजूला ठेवतात. मी स्वतः ठेवलेली आहेत. अजून वय लहान आहे, विचार कर."

मी विचार करायला तयारच होते. मला कुणीतरी परवानगी द्यायला हवी होती. चार दिवसांनी जेवताना मी सांगून टाकलं, की मी परत जात नाही. इथेच बायॉलॉजीची डिग्री पूर्ण करीन, लॅबमध्ये नोकरी बघीन. बाबा भात कालवत होते, ते कालवतच राहिले. मग म्हणाले, "तुझं नक्की आहे का?" मी म्हटलं, "आय अ‍ॅम डन, बाबा." दुसऱ्या दिवशी माझी मोठी बॅग हॉलमधून उचलून वरच्या कपाटात गेली, आणि आई स्वयंपाकघरात गुणगुणत होती. तिचं ते गुणगुणणं मला आजही ऐकू येतं. तीन वर्षांत मी तिला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

त्याच दिवसांत वादळ आलं. न्यू ऑर्लिन्स बुडून महिनाही झाला नव्हता; तिथून घरं सोडून आलेली माणसं ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये राहत होती, आईच्या शाळेत तिकडची मुलं येऊन बसली होती. टीव्हीवर ती छपरावरची माणसं बघून सगळं शहर आधीच धास्तावलेलं. त्यात दुसरं वादळ आपल्याकडे वळलंय म्हटल्यावर सगळे एकदम निघाले. ऑस्टिनला बाबांचे मित्र होते. एरवी तीन तासांचा रस्ता. बाबा काका-काकूंना म्हणाले, "दोन गाड्या कशाला, पेट्रोल कुठे मिळेल सांगता येत नाही. आमच्या व्हॅनमध्ये या." आम्ही उजाडताना निघालो. काका मानाने पुढच्या सीटवर, मागे आई आणि सुमनकाकू, सगळ्यांत मागे मी, टॉवेलात गुंडाळलेले घरचे देव, आणि दोन कूलर. वीज गेली तर सगळं वाया जाईल म्हणून आईने आख्खा फ्रीजर कूलरमध्ये रिकामा केला होता. मटार, पुरण, खोवलेल्या नारळाची पाकिटं. "वादळातून पळताना नारळ कोण नेतं?" बाबा म्हणाले. "ज्याने तो तासभर खोवला तो नेतो," आई म्हणाली.

दुपारपर्यंत आम्ही नेहमीच्या अर्ध्या तासाचं अंतर कापलं असेल. रस्ता नव्हताच तो, गाड्यांचं गोठलेलं शेत होतं. लोक गाड्या बंद करून ढकलत पुढे नेत होते. पेट्रोल पुरावं म्हणून बाबांनी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि बाहेरून भट्टीसारखी हवा आत आली. काकांनी सकाळभर बाबांना लेन बदलायच्या सूचना दिल्या होत्या. मग ते गप्प झाले. आम्हाला वाटलं, डोळा लागला. बऱ्याच वेळाने ते मोठ्याने म्हणाले, "सिस्टर, लाइट इकडे करा."

बाबा हसले. "काका, ऑपरेशन कुणाचं करताय?"

"पेशंट हलतोय," काका म्हणाले. "झोपवला नाही का नीट?"

त्यात विनोद नव्हता. मी मागून वाकून त्यांच्या मानेला हात लावला. आम्ही सगळे घामाने निथळत होतो, आईचा ब्लाउज पाठीला चिकटला होता. काकांची मान कोरडी होती, आणि तव्यासारखी तापलेली.

"काकू, काकांनी पाणी कधी घेतलं?"

सुमनकाकू संकोचून म्हणाल्या, "सकाळपासून नाही गं. रस्त्यात बाथरूमची सोय नाही ना. बीपीची गोळी तेवढी घेतली, त्याने लघवीला जास्त लागतं, म्हणून मग पाणीच नको म्हणाले."

"बाबा, गाडी बाजूला घ्या."

"अगं, लेन सोडली तर परत कोण घेईल आत?"

"बाबा, प्लीज, आत्ता!"

अशा वेळी पुस्तकातली पानं डोळ्यांपुढे येतात असं लोक म्हणतात. मला एकही पान दिसलं नाही. दिसला तो जूनमधल्या उत्सवातला बँडवाला, लोकरी गणवेशात भर उन्हात ट्रंपेट वाजवता वाजवता पडलेला, आणि त्याला आणल्यावर कॅज्युअल्टीतल्या दोन नर्सेसनी त्याचे कपडे कसे भराभर काढले होते ते. मी तेव्हा कोपऱ्यात उभी राहून नुसती पाहत होते. इथे कोपरा नव्हता. बाबांनी आणि मी काकांना धरून उतरवलं, गाडीच्या सावलीत गवतावर आडवं केलं, आणि मी त्यांच्या शर्टाची बटणं काढायला लागले. काकांनी माझा हात झटकला. "हू आर यू?" ते इंग्रजीत ओरडले. "हू इज इन चार्ज हिअर?"

"अगं, काय करतेस?" काकूंचा आवाज चढला. "भररस्त्यात माणसाचे कपडे काढतेस? ते स्वतः डॉक्टर आहेत, त्यांना तरी विचार! आधी सरबत दे त्यांना."

माझे हात थांबले. खरंच, इथे अधिकार कुणाचा होता? त्यांच्या हाताखाली तयार झालेले सर्जन ह्यूस्टनभर पसरले होते, आणि मी दोन आठवड्यांपूर्वी मेडिकल सोडलेली मुलगी. तेवढ्यात आई माझ्या शेजारी गवतात गुडघे टेकून बसली. मला ती नेहमी मनू म्हणायची. ओरडायची तेव्हाही मनूच. ती म्हणाली, "मृणाल, मी काय करू ते सांग."

उभ्या आयुष्यात आईने मला हा प्रश्न विचारला नव्हता. काय करायचं हे तिला नेहमी माहीत असायचं. मी सांगायला लागले आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तोंडातून काही द्यायचं नाही, शुद्ध नाहीये, ठसका लागेल. कपडे काढ. पाणी अंगावर ओत, सगळीकडे. बाबा, वारा घाला, थांबू नका. आई, बर्फ कुठे आहे?"

"बर्फ केव्हाच वितळला," आई म्हणाली, आणि दुसऱ्या क्षणी ती उठून दुसऱ्या कूलरकडे धावली.

तर अशा तऱ्हेने ह्यूस्टनच्या एका नामांकित सर्जनच्या दोन्ही काखांत खोवलेल्या नारळाची पाकिटं, जांघेत मटार आणि मानेखाली पुरण, असा तो प्रकार झाला. मागच्या ट्रकमधलं मेक्सिकन जोडपं न बोलावता आलं. त्यांनी चादर ताणून वरून सावली धरली; त्यांच्याकडे पाण्याचे मोठे कॅन होते, ते बाईने आमच्यापुढे आणून ठेवले. आमच्या आईला स्पॅनिश येत नव्हतं आणि त्या बाईला मराठी नाही, तरी दोघी एकमेकींशी सारख्या बोलत होत्या. बाबा पिझ्झाच्या खोक्याच्या झाकणाने वारा घालत होते. मी काकांच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते, नाडी धावत होती, आणि मी मनात काहीही म्हणत नव्हते, नुसती ती धाव ऐकत होते. सुमनकाकूंनी आधी तोंड फिरवलं होतं. मग त्या आल्या, नवऱ्याचे पाय मांडीवर घेतले आणि आपला पदर ओला करून ते पुसत राहिल्या.

आई आता माझ्याजवळ असते. नारळाची कल्पना आपली होती असं ती ठासून सांगते, आणि मी 'पाकिटं आण' म्हणाले होते असं मला वाटतं. आमचा हा वाद मिटलेला नाही. तिचं खरं असेल.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. काकांना एकदम हुडहुडी भरली. त्यांनी डोळे उघडले, वरच्या चादरीकडे पाहिलं, मग स्वतःकडे, मग बायकोकडे. "सुमन," ते अगदी स्वच्छ मराठीत म्हणाले, "माझी पँट कुठे आहे?"

सुमनकाकू रडायला लागल्या आणि रडता रडता त्यांनी काकांच्या दंडावर एक चापट मारली.

त्यानंतर बाबांना एक पोलिस सापडला. त्याने आपली गाडी पुढे घालून रस्त्याच्या कडेने आम्हाला जवळच्या लहान गावातल्या हॉस्पिटलात नेऊन सोडलं. काका पुढे कितीतरी वर्षं जगले. प्रत्येक गणपतीला ही गोष्ट स्वतः सांगायचे, त्यात पुरणाचा भाग वाढवून. रेसिडेन्सीबद्दलचं आपलं बोलणं मात्र त्यांनी कधी मागे घेतलं नाही, आणि त्यांचं चुकलंही नव्हतं. मला पहिल्या वर्षी कुणी घेतलं नाही, दुसऱ्या खेपेला मिळाली. त्या मधल्या वर्षात दर रविवारी काका मला समोर बसवून मुलाखतीची तयारी करून घ्यायचे. अर्ज बाजूला ठेवणारा माणूस काय प्रश्न विचारतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये बसलो होतो. सगळीकडे आमच्यासारखीच वादळातून निघालेली माणसं, पोरं, पिंजऱ्यातली मांजरं. काकू आत काकांपाशी होत्या. बाबा पेट्रोलच्या शोधात गेले होते. आईने दशम्यांचा डबा उघडला आणि शेजारच्या अनोळखी म्हातारीपासून वाटायला सुरुवात केली.  

आतून एक तरुण डॉक्टर बाहेर आला. काका स्थिर आहेत म्हणाला, सलाइन चालू आहे, ताप उतरलाय, किडनीकडे लक्ष ठेवावं लागेल, पण बहुतेक सगळं ठीक होईल. मग त्याने विचारलं, "त्यांना रस्त्यात थंड कुणी केलं? वेळेवर केलंत. नाहीतर आता मी वेगळं काही सांगत असतो." आणि माझ्याकडे बघून, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

मी तोंड उघडलं. मी 'नाही' म्हणणार होते, पुढे काय म्हणणार होते ते मला आज आठवत नाही. आईने दशमीचा हात पदराला पुसला आणि आपल्या शाळेच्या ऑफिसातल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून, त्याला सांगितलं, "शी इज अ मेडिकल स्टुडंट. शी गोज बॅक टू हर कॉलेज नेक्स्ट वीक."

"गुड," तो म्हणाला, आणि घाईने आत गेला.

आई पुन्हा डब्यात बघायला लागली. मी तिच्याकडे पाहिलं. ती वर बघेना.

"आई," मी म्हटलं, "मी जाणार नव्हते ना?"

"हो का?" ती म्हणाली. "मग जा, आत जाऊन सांग त्याला. सांग, माझी आई खोटं बोलली."

मी दाराकडे पाहिलं. त्याला मधोमध काच होती आणि काचेतून तो डॉक्टर दिसत होता, दुसऱ्या कुणाच्या तरी खाटेवर वाकलेला. मी जागची उठले नाही. आईने शेवटची दशमी मोडून अर्धी माझ्या हातात दिली, आणि आपली अर्धी खाताना तोंड भिंतीकडे वळवून डोळे पुसले.